दंतसाहाय्यकाला जीवशास्त्र कशासाठी?

परभणीत दंत महाविद्यालय आहे, जिंतूर, सेलू, गंगाखेड या गावांत दंतचिकित्सालये आहेत, आणि तेथे खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या साहाय्यकाचे शिक्षण केवळ उपकरणांची नावे पाठ करून पूर्ण होत नाही.

दाताचे बाह्य कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असून शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. मात्र त्यात जिवंत पेशी नसल्याने झिजलेला भाग पुन्हा घडत नाही. दातांवरील चिकट जिवाणूथरातले, म्हणजे प्लाकमधले, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जिवाणू साखर आंबवून आम्ल तयार करतात, आणि आम्लता दर्शवणारा सामू सुमारे 5.5 च्या खाली उतरला की कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात; लाळ ते आम्ल सौम्य करते, परंतु तिला वेळ लागतो, म्हणूनच गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

ग्रामीण महाराष्ट्रात मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावण्याची सवय आजही आढळते. अशा व्यक्तीच्या तोंडात पुसला न जाणारा पांढरा चट्टा दिसल्यास तो ल्यूकोप्लाकिया, म्हणजे कर्करोगात रूपांतरित होऊ शकणारा विकार, असू शकतो, आणि त्याकडे दंतवैद्याचे लक्ष वेधणे हे साहाय्यकाचे फार मोठे काम होय.

उपकरणे निर्जंतुक करतानाही जीवशास्त्र कामी येते: काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची चिवट सुप्त रूपे, उकळत्या पाण्यातही तगतात, तर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, दाबाखालील 121 अंश सेल्सिअसची वाफ किमान 15 मिनिटे मिळाल्यास ते नष्ट होतात. त्यामुळे साहाय्यकांनी उपकरणे नुसती उकळून पुन्हा वापरात आणू नयेत.