तांत्रिक मुलाखत नेमके काय तपासते?

- खास प्रतिनिधी

अंधेरीचे सरदार पटेल, विद्याविहारचे सोमय्या, बोरिवलीचे सेंट फ्रान्सिस किंवा कांदिवलीचे ठाकूर; उपनगरांतील कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करीत असतो. एक महाविद्यालयाचा, दुसरा मुलाखतीचा. दुसऱ्याला प्राध्यापक नसतात, पदवी नसते. पण घरच्यांचे डोळे लागलेले असतात ते त्याच्याच निकालाकडे. बायनरी ट्री उलटी करणे, आकड्यांची यादी कमीत कमी पायऱ्यांत लावणे अशी शेकडो कोडी लीटकोडसारख्या संकेतस्थळांवर सोडवायची, त्यांची उत्तरे अंगवळणी पाडायची आणि मुलाखतीत मात्र ती तिथेच सुचल्यासारखी मांडायची. परीक्षार्थी आणि विद्यार्थी यांच्यातला जो भेद आपल्याकडे दहावी-बारावीच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो, तो आता नोकरीच्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे.

अशा मुलाखतीतून चांगला सॉफ्टवेअर इंजिनीअर सापडतो का, हा प्रश्न म्हणूनच केवळ कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांचा राहिलेला नाही.

अंधेरीतील सीप्झ १९७३ साली स्थापन झाले. त्या काळात संगणकशास्त्राची पदवी घेतलेले तरुण जवळपास नव्हतेच. साहजिकच कंपन्या कोणत्याही शाखेचा हुशार इंजिनीअर घेत आणि त्याला काम शिकवीत. मोठ्या सॉफ्टवेअर सेवा कंपन्यांनी ही रीत पुढेही कायम ठेवली. हजारोंच्या संख्येने भरती करायची तर प्रत्येकाशी तासभर बोलणे शक्य नाही. त्यामुळे आधी बुद्धिमापनाची चाचणी, मग अल्पशी तांत्रिक मुलाखत, मग एचआर, असा क्रम रूढ झाला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने तर २०१८ पासून देशपातळीवरील एकच पात्रता परीक्षा सुरू केली. या साखळीत तांत्रिक मुलाखत म्हणजे निवडीपेक्षा गर्दी कमी करण्याची चाळणी अधिक.

ही चाळणी किती भरवशाची, याचा दाखला फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूर येथे मिळाला. इन्फोसिसने अंतर्गत चाचण्यांत तीन संधी देऊनही अनुत्तीर्ण ठरलेल्या प्रशिक्षणार्थींना कामावरून कमी केले. कंपनीच्या म्हणण्यानुसार ही संख्या तीनशेहून अधिक होती. पुण्यातील ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने ती सातशेच्या आसपास असल्याचा दावा करीत केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार नेली. यांतील अनेकांची निवड २०२२ मध्ये झाली होती आणि रुजू होण्यासाठी त्यांना सुमारे दोन वर्षे ताटकळावे लागले होते. दोष कोणाचा, हा वाद वेगळा. पण निवड-प्रक्रियेने ज्यांना लायक ठरविले, त्यांनाच त्याच कंपनीची पुढची परीक्षा नालायक ठरविते, तेव्हा दोहोंपैकी एक मोजपट्टी नक्कीच चुकीची असली पाहिजे.

पवईच्या आयआयटीत दरवर्षी १ डिसेंबरला सुरू होणाऱ्या मुलाखतींचा बाज निराळा. तेथे कोडे अवघड असते, वेळ मोजका असतो आणि मुलाखतकारासमोर मोठ्याने विचार करीत कोड लिहावा लागतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये नेमकी हीच पद्धत तपासून पाहिली. ४८ विद्यार्थ्यांपैकी काहींनी परीक्षकाच्या नजरेसमोर, तर उरलेल्यांनी खोलीत एकट्याने, फळ्यावर तेच कोडे सोडविले. नजरेखाली असलेल्यांची कामगिरी निम्म्याहूनही घसरली. त्या गटातील एकाही विद्यार्थिनीला उत्तर जमले नाही. एकांतातील गटात मात्र प्रत्येक विद्यार्थिनीने ते सोडविले. प्रयोग लहान होता, त्यावरून सरसकट निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. तथापि ज्ञान मोजण्याच्या नावाखाली आपण सभाधीटपणा मोजतो आहोत की काय, ही शंका त्याने पक्की केली.

मुलाखत हा प्रकारच मोडीत काढावा, असे मात्र संशोधन म्हणत नाही. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये विविध व्यवसायांतील निवड-पद्धतींच्या अभ्यासांचा एकत्रित फेरआढावा घेतला. निवडीच्या वेळचे मत आणि नंतरचे प्रत्यक्ष काम यांचा मेळ शून्य ते एक या पट्टीवर मांडला, तर सर्वांना तेच प्रश्न आणि आधी ठरविलेले गुण अशा बांधीव मुलाखतीला ०.४२ मिळतात. मुलाखतकाराला सुचेल ते विचारणाऱ्या मोकळ्या मुलाखतीला अवघे ०.१९. म्हणजे मुलाखत घ्यावी की नाही, यापेक्षा ती किती तयारीने घेतली, हे महत्त्वाचे. आपल्याकडे उमेदवार महिनोन्महिने तयारी करतो आणि मुलाखतकार बायोडेटा पहिल्यांदा उघडतो तो उमेदवार समोर बसल्यावर!

कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. चुकीचा माणूस घेतला की तो निस्तरायला महिने जातात. चांगला माणूस नाकारला तर वरकरणी काहीच बिघडत नाही. त्यामुळे चाळणीची भोके बारीक करण्याकडेच कल राहतो. नाकारलेला उमेदवार पुढे कसा निघाला असता, हे कंपनीला कधीच कळत नाही. पद्धत चुकते आहे, हे दाखविणारा पुरावाच अशा रीतीने दरवाजाबाहेर राहतो.

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. घरबसल्या होणाऱ्या ऑनलाइन मुलाखतीत कोड्याचे उत्तर पडद्याच्या कोपऱ्यात कोणालाही मिळू शकते. गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी २०२५ मध्ये किमान एक फेरी पुन्हा समोरासमोर घेण्याचे जाहीर केले, ते उगाच नव्हे. पण समोर बसवून जुनीच कोडी विचारली, तर फक्त नक्कल थांबेल. घोकंपट्टी तशीच चालू राहील.

उपनगरांतच एक वेगळा नमुना आहे. तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून इंजिनीअर आणि शास्त्रज्ञ निवडत आहे. लेखी परीक्षा किंवा ‘गेट’चे गुण तेथे केवळ मुलाखतीचे बोलावणे मिळण्यापुरते, अंतिम निवड मुलाखतीवरच होते. मात्र तेवढ्यावर थांबत नाहीत. पुढे वर्षभराचे प्रशिक्षण असते, त्यात परीक्षा असतात आणि नेमणूक त्या उत्तीर्ण झाल्यानंतरच. ही व्यवस्था खर्चिक आहे, दहा-पंधरा माणसांच्या कंपनीला ती परवडणार नाही.

लहान कंपनीला परवडेल असा उपाय साधा आहे. वृत्तपत्रात नोकरी मागायला आलेल्याला बातमी लिहायला देतात. छपाईयंत्राचे सुटे भाग त्याला कोणी विचारत नाही. सॉफ्टवेअरमध्येही चूक असलेला खराखुरा कोड पुढे ठेवावा आणि ती शोधायला सांगावे. रोजचे काम बहुतांशी तेच असते. मात्र असे काम शनिवार-रविवारी घरून, विनामोबदला करून आणा म्हणणे हा अन्याय आहे. बोरिवली-अंधेरी गर्दीतून उभ्याने प्रवास करणाऱ्या, घरी लहान मूल असलेल्या इंजिनीअरला तो वेळ आणायचा कोठून? दोन तासांत आटोपेल एवढाच मजकूर, बसायला स्वतंत्र जागा आणि नंतर त्याच कोडवर अर्धा तास चर्चा, एवढे पुरे होते. आणि निवड झाली नाही, तर का झाली नाही, हे दोन ओळींत कळविणे. सध्या बहुतेकांना तेवढेही मिळत नाही.