शब्द तोच, द्रव्य निराळे : ‘कुंकू’विषयी एक टिपण

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे बुक्क्याप्रमाणेच कुंकवाचाही व्यापार पूर्वापार चालत आला आहे. परंतु ‘कुंकू’ हा शब्द एकच असला, तरी त्याने दर्शविले जाणारे द्रव्य एकच राहिलेले नाही. संस्कृत ‘कुङ्कुम’ म्हणजे केशर. मराठीत तो शब्द हळदीपासून केलेल्या तांबड्या पुडीस लागला. हळदीतील कुर्कुमिन हे पिवळे रंगद्रव्य चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या संयोगाने तांबडे होते, हे या कृतीचे मर्म होय.

पुढे पुष्कळ ठिकाणी हळदीची जागा कृत्रिम रंगांनी घेतली. नाव मात्र पालटले नाही. बाजारी कुंकवातील सुदान-१ यासारख्या अ‍ॅझो रंगांमुळे काही स्त्रियांच्या कपाळावर खाज, पुरळ व काळसर डाग उद्भवल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदविले आहे. चिकटविण्याच्या टिकलीत दोष बहुधा रंगाचा नसून गोंदाचा असतो. त्यातील पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉल त्वचेतील रंगपेशींचा नाश करते आणि टिकलीच्या जागी पांढरा डाग उमटतो.

याउलट ‘शेंदूर’ व ‘हिंगूळ’ ही नावे मुळात द्रव्यवाचकच आहेत : पहिले शिशाच्या ऑक्साइडचे, दुसरे पाऱ्याच्या सल्फाइडचे. ही दोन्ही द्रव्ये विषारी धातूंची असल्याने, रंगासाठी शिशाची संयुगे वापरण्यास व प्रसाधनांत पारा घालण्यास भारतातील सौंदर्यप्रसाधन नियमांनी (२०२०) मनाई केली आहे.

तात्पर्य, शब्दाच्या सातत्यावरून द्रव्याचे सातत्य गृहीत धरू नये. कोशकाराने अर्थाबरोबर घटकांतील पालटही नोंदवावा; आणि वापरणाऱ्याने पुडीवरील नावापेक्षा घटकांची यादी आधी पाहावी.