दोष कोणाला द्यायचा?

मंडळी, यात्रेत फुगे आपण सगळ्यांनीच फोडले आहेत. नेम चुकला की लगेच म्हणतो, ‘बंदूकच वाकडी आहे!’ बरेचदा ते खरंही असतं. ‘पॉइंट टू-टू’ रायफलीची गोडी इथूनच सुरू होते. गोळी जेमतेम 5.6 मिलिमीटरची, धक्का अगदी कमी. मोठ्या बंदुकीत दणक्याच्या भीतीनं माणूस आधीच दचकतो. इथे ती सबब नाही. लक्ष्य 50 मीटरवर, त्यातला दहा गुणांचा गोल फक्त 10.4 मिलिमीटरचा. श्वास, बोटाचा दाब, मनातली घाई, सगळं तिथे उमटतं. वाऱ्याचा अंदाजही आपणच घ्यायचा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये असाच नेम धरला. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, शेवटी उभं राहून. 451.4 गुण, कांस्यपदक. या प्रकारातलं भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक.

पण हौसेनं नेम धरणाऱ्याला पदक कुठे मिळतं? त्याला काय मिळतं, सांगू? चूक आपलीच आहे, हे स्वच्छ कळतं. आणि बंदुकीची चूक आपल्या हातात नसते, आपली असते. ती उद्या सुधारता येते.