एका यंत्रात अनेक यंत्रे

संगणकाची स्मृती, पडदा, कळफलक इत्यादी भागांकडून शिस्तीने काम करवून घेणाऱ्या आज्ञावलीस कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज व लिनक्स या अशाच कार्यप्रणाली होत. प्रत्येकीची रचना अशी असते, की सारा संगणक आपल्याच ताब्यात आहे असे ती धरून चालते. मग एकाच संगणकात दोघी एकाच वेळी कशा नांदणार?

अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीच्या संशोधकांनी यावर एक युक्ती काढली. त्या काळी संगणक अतिशय महाग असे. प्रत्येकास स्वतंत्र संगणक देणे अशक्यच होते. म्हणून त्यांनी सीपी-४० नावाची नियंत्रक आज्ञावली रचली. ती १९६७ साली वापरात आली. खऱ्या संगणकाचा वेळ व स्मृती वाटून देऊन ती १४ आभासी संगणक निर्माण करी. प्रत्येकात स्वतंत्र कार्यप्रणाली चाले. १९९९ साली व्हीएमवेअर कंपनीने मेजावरील लहान संगणकांसाठी अशी सोय बाजारात आणली आणि विंडोज व लिनक्स एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दिसू लागल्या.

या योजनेचा मोठा लाभ म्हणजे सुरक्षितता. एका आभासी संगणकात बिघाड झाला, तरी शेजारचे संगणक सहसा निर्वेध चालू राहतात. आधी प्रत काढून ठेवली असल्यास बिघडलेलाही पूर्ववत करता येतो.

तथापि यंत्रे आभासी असली, तरी स्मृती खरीच लागते. ८ गिगाबाइटांपैकी ४ एकास दिल्यास इतरांसाठी ४ च उरतात. वाटेकरी फार झाले, की सर्वांचीच गती मंदावते. नियंत्रकाने वाटणी नीट केली, तरच एका घरात सारे सुखाने नांदतात.