एकाएकीं ऐकूं येईनासें झालें तर

रात्रीं धडधाकट निजलेला मनुष्य सकाळीं उठतो, आणि त्याच्या ध्यानांत येतें कीं, एका कानानें कांहींच ऐकूं येत नाहीं. कान दुखत नाहीं, वाहत नाहीं. फक्त आंत घूं असा नाद भरून राहिला आहे. मळ सांचला असेल, सर्दीनें दडे बसले असतील, असें म्हणून तो कोमट तेलाचे थेंब घालतो व आठ दिवस वाट पाहतो. हे आठ दिवसच पुष्कळदां महागांत पडतात.

मळ सांचल्यास आवाज वाटेंतच अडतो. परंतु आज ज्या विकाराविषयीं सांगावयाचें आहे, त्यांत बिघाड शंखाकृति अंतःकर्णांत किंवा तेथून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंत असतो. तीन दिवसांच्या आंत, लगतच्या तीन कंपनसंख्यांवर निदान ३० डेसिबेल श्रवणशक्ति घटली, म्हणजे हा विकार झाला असें वैद्यक मानतें. दहांपैकीं सुमारें नऊ रोग्यांत त्याचें कारण सांपडत नाहीं.

या दोहोंतील भेद ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ओठ मिटून गुणगुणावें. नाद बंद वाटणाऱ्या कानांत मोठा लागला, तर अडथळा मळाचा वा मधल्या कानांतील असण्याचा संभव. चांगल्या कानाकडे ओढला गेला, तर दोष आंतला असण्याचा संभव. डॉक्टर कपाळावर नादकाटा टेकवून हेंच पाहतात. मात्र ही नुसती खूण आहे, निदान नव्हे. श्रवणमापन करून घेतलेंच पाहिजे. आणि मज्जातंतूवर गांठ नाहीं ना, याचीहि एम. आर. आय. चित्रानें पुढें खात्री करावी लागते.

उपचारांत मुख्य स्थान स्टिरॉइड औषधांना आहे. वजनाच्या दर किलोस १ मिलिग्रॅम, परंतु दिवसाला ६० मिलिग्रॅमहून अधिक नाहीं, अशा मानानें प्रेड्निसोलोन १० ते १४ दिवस देऊन मग तें हळूहळू कमी करतात. या औषधानें झोंप उडते, पोटांत जळजळतें, मधुमेह्याच्या रक्तांतील साखर चढते. म्हणून तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावें. ज्यांना गोळ्या सोसणार नाहींत, किंवा गोळ्यांनीं ज्यांना गुण येत नाहीं, त्यांच्या मधल्या कानांत त्याच जातीचें औषध बारीक सुईनें पडद्यांतून सोडतात. २०११ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या, २५० रोग्यांच्या तुलनेंत दोन्ही मार्गांचा गुण जवळजवळ सारखाच आढळला. विषाणुनाशक किंवा रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधांचा उपयोग मात्र सिद्ध झालेला नाहीं.

आतां कोणी विचारील, हा विकार कित्येकांत आपोआपहि बरा होतो ना? होतो. त्यामुळेंच औषधाचा वांटा किती, हें ठरविणें कठीण जातें, आणि स्टिरॉइडांच्या बाजूचा पुरावाहि निर्विवाद नाहीं. मग घाई कां? कारण औषधाचा गुण यावयाचा तो पहिल्या दोन आठवड्यांत सुरुवात केल्यासच येण्याचा संभव अधिक. सहा आठवडे लोटल्यावर आशा फारशी उरत नाहीं. आपला कान आपोआप बरा होणाऱ्यांपैकीं आहे कीं नाहीं, हें वाट पाहूनच कळावयाचें. आणि तें कळेपर्यंत औषधाची वेळ निघून गेलेली असते.

पूर्ण गुण न आला तरी श्रवणयंत्राचें साह्य असतेंच. पण तो पुढचा विचार. कान दुखत नाहीं म्हणून थांबूं नये. ज्या दिवशीं ऐकूं येईनासें होईल, त्याच दिवशीं कानाच्या डॉक्टरांकडे जावें, एवढें घरोघरीं ध्यानांत राहिलें तरी पुष्कळ झालें.