समाजसेवेला गणित कशाला?

‘एमपीएच म्हणजे वस्त्यांमधून फिरायचं, लोकांना हात धुवायला शिकवायचं, जनजागृती करायची. मग त्यात संख्याशास्त्राचं लचांड कशाला?’ एमपीएचचा, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास कानावर पडतो. प्रवेश घेऊ पाहणारे तो विचारतात, प्रवेश घेतलेले त्यावरून कुरकुरतात. वस्तुस्थिती अशी की, अमेरिकेत या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी परिषद घ्या किंवा आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा आदर्श अभ्यासक्रम घ्या, साथरोगशास्त्र आणि जैवसांख्यिकी यांतून सुटका कुठेच नाही.

ही सक्ती कुणाची हौस नव्हे. नमुना नोंदणी पद्धतीचे २०२० चे आकडे पाहा. केरळचा मृत्युदर हजारी ७, बिहारचा ५.४. एवढ्यावर निकाल द्यायचा तर केरळने बिहारकडे शिकवणी लावायला हवी! पण त्याच वर्षी अर्भक मृत्युदर केरळात हजार जन्मांमागे ६ होता आणि बिहारमध्ये २७. मग गोम कुठे आहे? मुख्यतः वयात. केरळात म्हातारी माणसं जास्त, बिहारमध्ये मुलं आणि तरुण जास्त. जिथे वृद्ध अधिक, तिथे मृत्यूही अधिक होणारच. म्हणून दोन्हीकडचे वयोगटवार दर काढून ते एकाच ठरावीक वयरचनेला लावायचे आणि मगच तुलना करायची. हे ज्याला कळत नाही, तो निधी भलत्याच जिल्ह्याकडे वळवील, आणि तेही अगदी चांगल्या हेतूने.

‘हिशेब काय, सॉफ्टवेअर करतं’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. करतं; पण तुलना कशाशी करायची, हे ते सांगत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. प्रयोग ३९ गावांत होता, आणि तुलनेसाठी ४७ गावं निराळी ठेवली होती. ती ४७ गावं नसती, तर ‘रस्ते झाले, पीकपाणी सुधारलं, म्हणून बाळं वाचली’ असं कुणीही म्हटलं असतं आणि ते खोडता आलं नसतं. पुढे २०११ मध्ये गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्यामागे असा भक्कम पुरावा होता.

आकड्यांत माणूस हरवतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून तर अभ्यासक्रमात समाजशास्त्र, आरोग्यधोरण, पर्यावरण आणि गुणात्मक संशोधनही असतं. कोणत्या पाड्यावर लसीकरण मागे पडलं, हे आकडा दाखवतो. का पडलं, हे तिथे बसून विचारावं लागतं. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही, म्हणून दोन्ही शिकायची.

बाकीचे गैरसमज दोन शब्दांत निकालात निघतात. एमपीएच फक्त डॉक्टरांसाठी? नाही, अनेक संस्था इतर पदवीधरांनाही घेतात. एमपीएच झालं की दवाखाना थाटता येतो? मुळीच नाही. एमडी कम्युनिटी मेडिसिन आणि एमपीएच एकच? नाही, पहिली एमबीबीएसनंतरची तीन वर्षांची पदवी, दुसरी बहुधा दोन वर्षांची. फील्डवर्क म्हणजे सहल? मग अहवाल लिहून पाहा. आणि बारावीला गणित नव्हतं? टक्केवारी, गुणोत्तर आणि आलेख वाचता आला तरी सुरुवात होते. त्यापुढचं शिकवण्यासाठीच तर तो वर्ग आहे.