नस दबली, पण कोणती?

पलूस-कुंडलच्या द्राक्षबागांत छाटणी, मग विरळणी सुरू झाली की दिवसभर मनगट वाकवून कात्री चालते. मग कुणाला रात्री दोनला जाग येते: अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर. हात झाडला की जरा बरं वाटतं. घरचे म्हणतात, "नस दबलीय, रक्त पोहोचत नाही."

नस दबलीय हे खरं, रक्ताचं चूक. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही, घोळ तिथं आहे. मनगटाची हाडं आणि त्यांवरचा जाड पट्टा यांच्यातल्या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या 9 कंडरा आणि मीडियन नावाचा मज्जातंतू जातो. जागा कमी पडली की तोच चेंगरतो. हा कार्पल टनेल सिंड्रोम. करंगळी सहसा सुटते, तिची नस या बोगद्यातून जातच नाही.

"सोनोग्राफी पोटाची असते, हाताची कशाला?" हा मज्जातंतू कातडीखाली जवळच असल्यामुळे तो सोनोग्राफीत छान दिसतो. दाबाच्या अलीकडे तो फुगतो. त्याचं क्षेत्रफळ साधारण 10 चौरस मिलिमीटरच्या वर गेलं की संशय बळावतो. आत गाठ असेल तर तीही सापडते. दुखत काहीच नाही.

"शॉकची तपासणीच खरी, आणि तिनं नस खराब होते." दोन्ही चूक. सौम्य विजेचा झटका देऊन संदेश किती मिलिसेकंदांत पोहोचला ते मोजतात. इजा होत नाही. पण आजार सुरुवातीचा असेल तर त्रास खरा असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. हात गार असला तर उलटच, निरोगी नसही मंद भासते. डिसेंबरच्या सकाळी मोटारसायकलवरून मिरजेला गेलात, तर आधी हात शेकून घ्या.

मग श्रेष्ठ कोणती? अमेरिकेतल्या 2014च्या एका तुलनेत दोन्हींनी 100 पैकी 89 रुग्ण ओळखले. आजार नसलेल्यांना मोकळं सोडण्यात सोनोग्राफी 90, तर शॉकची तपासणी 80. गंमत म्हणजे दोन्हींना जोखलं ते लक्षणं विचारून आणि हात तपासून केलेल्या निदानावर. खरं तर प्रश्नच वेगळे आहेत. सोनोग्राफी नसेचा आकार दाखवते, शॉक तिचं काम. दुखणं मानेतून येतंय की मधुमेहामुळे, अंगठ्याच्या बुडाचा स्नायू का सुकतोय, हे शोधायला शॉकचीच तपासणी जास्त उपयोगी. लक्षणं अगदी ठसठशीत असतील तर डॉक्टर दोन्हीही टाळू शकतात. साखर आणि थायरॉइड मात्र बहुधा बघतील.